‘क’ टाइप केलं की कल्याण कसं सापडतं? शब्दांच्या झाडाची गोष्ट

लोकलचं तिकीट मोबाइलवर काढताना आपण ‘क’ टाइप करतो. खाली लगेच करी रोड, कर्जत, कल्याण, कळवा, कसारा अशी नावं उभी राहतात. पुढे ‘ळ’ दाबला की कळव्यासारखी मोजकीच उरतात. फोनमधले नंबर असोत की मराठी कीबोर्डवर सुचवले जाणारे शब्द, सगळीकडे हेच घडतं. हजारो-लाखो नावांमधून हवं ते नाव बोट उचलायच्या आत समोर येतं.

आणि याच्या उलट अनुभवही आपल्याला येतो. छापील यादीत डोळ्यांना स्वच्छ दिसणारं नाव शोधाच्या चौकटीत टाकावं, तर उत्तर येतं ‘आढळले नाही’. नाव तेच, अक्षरं तीच, तरी नाही.

या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे: संगणक शब्द साठवतो कसा. त्यासाठी तो बहुतेक वेळा एक झाड उभं करतो. ते झाड समजायला गणित फारसं लागत नाही. थोडा धीर मात्र लागतो, विशेषतः मराठीचा विषय निघाल्यावर.

आधी नुसती यादी

समजा दहा लाख नावं एकाखाली एक लिहिली आहेत, कसलाही क्रम नाही. नाव शोधायचं तर वरून वाचत जायचं. नशीब वाईट असेल तर दहाच्या दहा लाख नावं वाचावी लागतील.

यादी क्रमाने लावली की चित्र पालटतं. बरोबर मधलं नाव बघायचं. आपलं नाव त्याच्या आधी येत असेल तर खालची अर्धी यादी सोडून द्यायची, नंतर येत असेल तर वरची. मग उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच. दर वेळी यादी निम्मी होते, त्यामुळे दहा लाख नावांसाठी जास्तीत जास्त २० वेळा बघावं लागतं. (दोन हा आकडा २० वेळा मांडून गुणला की १०,४८,५७६ होतात.)

मग अडचण कुठे आहे? नवीन नाव घालण्यात. क्रमाने लावलेल्या यादीच्या मधोमध एक नाव घुसवायचं म्हणजे त्याखालची सगळी नावं एकेक घर खाली सरकवायची. रोज शेकडो नावं वाढणाऱ्या यादीला हे परवडत नाही.

दुभागणारं झाड

इथे झाड कामाला येतं. संगणकातलं झाड उलटं असतं, मूळ वर आणि फांद्या खाली. ‘नागपूर’ मुळाशी ठेवू. त्याआधी येणारी नावं डाव्या फांदीवर, नंतरची उजव्या. डावीकडे जळगाव, त्याखाली अकोला आणि धुळे. उजवीकडे सातारा, त्याखाली पुणे आणि सोलापूर. सोलापूर शोधायचंय? नागपूरच्या नंतर येतं, म्हणून उजवीकडे. साताऱ्याच्याही नंतर, पुन्हा उजवीकडे. सापडलं. सात नावांपैकी तीनच बघितली.

नवीन नाव आलं की असंच खाली उतरायचं आणि जिथे जागा रिकामी दिसेल तिथे टांगायचं. बाकीच्यांना हलवायची गरज नाही.

पण यात एक खोड आहे. शाळेचा हजेरीपट आधीच क्रमाने लावलेला असतो. तो वरून खाली जसाच्या तसा या झाडात घातला, तर प्रत्येक नवं नाव आधीच्याच्या उजवीकडेच जातं. झाडाला फांद्या फुटतच नाहीत, ते माडासारखं सरळसोट वाढतं, आणि शोधणं पुन्हा वरून खाली वाचण्याइतकंच संथ होतं. यावर १९६२ साली अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस या दोन सोव्हिएत गणितज्ञांनी तोड काढली: एक बाजू दुसरीपेक्षा खोल जाऊ लागली की फांद्या फिरवून तोल सावरायचा. पुढे अशी अनेक स्वतःला सावरणारी झाडं आली.

तरी शब्दांच्या बाबतीत एक गोष्ट खटकत राहते. दोन आकड्यांची तुलना एका दमात होते, दोन शब्दांची तशी होत नाही. पहिलं चिन्ह पहिल्याशी, दुसरं दुसऱ्याशी असं फरक सापडेपर्यंत जावं लागतं. ‘महाराष्ट्र राज्य’ने सुरू होणारी शेकडो कार्यालयांची नावं अशा झाडात आहेत असं धरा. काना, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं ् हे चिन्ह) आणि मोकळी जागा धरून ही सुरुवात १६ चिन्हांची होते. झाडात एकेक पायरी उतरताना तीच १६ चिन्हं पुन्हा पुन्हा तपासायची, आणि त्यातून नवं काहीच कळत नाही. एकदा कळलेली गोष्ट परत का विचारायची?

पिनकोडची युक्ती

पोस्टाने हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्यामागे होते केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर. ४११००४ हा आकडा घ्या. पहिला ४ बघितला की पत्र पश्चिमेकडच्या विभागाच्या थैलीत. पहिले तीन आकडे ४११ झाले की पुणे. शेवटचे तीन आकडे त्यातलं नेमकं पोस्ट ऑफिस सांगतात, इथे डेक्कन जिमखाना. दिल्लीत पत्र वेगळं करणाऱ्याला शेवटच्या ००४ शी काही देणंघेणं नसतं, आणि पुण्यातल्याला पहिला ४ पुन्हा वाचायची गरज नसते. प्रत्येक टप्प्यावर पुढचे एक-दोन आकडे पुरतात.

शब्दांचंही असंच झाड करता येतं. झाडातल्या प्रत्येक जागेला थांबा म्हणू. थांब्यावर पूर्ण शब्द ठेवायचाच नाही, एकेक चिन्ह ठेवायचं. मुळापासून निघालेली वाट म्हणजेच शब्द. ‘क’च्या थांब्यावरून चार वाटा फुटतात: र, ल, ळ, स. ‘र’कडे गेलं की पुढे पुन्हा फाटा, एकीकडे करी रोड आणि दुसरीकडे कर्जत. कल्याणच्या पुढे रेल्वेचा मार्ग जसा फुटतो आणि कसाऱ्याला निघालेल्या माणसाला कर्जतच्या बाजूची स्टेशनं मोजावी लागत नाहीत, तसंच हे.

या पाच नावांत सगळी मिळून २७ चिन्हं आहेत. झाडात मात्र २२ थांबेच लागतात, कारण सुरुवातीचा क पाचही जणांत सामाईक आणि र दोघांत. पाचच नावांत हा फायदा किरकोळ वाटेल. खरा फायदा वेगळाच आहे. ‘कसारा’ शोधायला पाच पावलं लागतात, आणि झाडात पाच नावं असोत की पाच कोटी, पावलं पाचच राहतात. शोधाचा वेळ शब्दाच्या लांबीवर ठरतो, यादीच्या लांबीवर ठरत नाही. मला तर या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

आणि ‘क’ दाबल्यावर नावं कशी सुचतात, तेही आता उघड आहे. ‘क’च्या थांब्यावर उभं राहायचं आणि खाली लोंबणारं सगळं वाचून दाखवायचं.

या रचनेला ट्राय म्हणतात. १९५९ मध्ये रने द ला ब्रियांदे यांनी ती मांडली, आणि पुढच्या वर्षी एडवर्ड फ्रेडकिन यांनी नाव दिलं. ‘रिट्रीव्हल’, म्हणजे परत शोधून काढणं, या शब्दाच्या पोटातून त्यांनी ते उचललं. ते स्वतः त्याचा उच्चार ‘ट्री’ असाच करत. बाकीच्या झाडांशी गोंधळ होऊ नये म्हणून लोक ‘ट्राय’ म्हणू लागले.

राम कुठे संपतो?

झाडात ‘रामटेक’ आहे. कोणी ‘राम’ शोधलं तर वाट मिळेल, पण राम हे नाव यादीत खरंच आहे, की रामटेककडे जाताना वाटेत लागलं, हे कसं कळणार? म्हणून जिथे एखादा पूर्ण शब्द संपतो त्या थांब्यावर खूण करतात. नवशिके ही खूण हमखास विसरतात, आणि मग यादीत नसलेले अर्धेमुर्धे शब्दही ‘सापडले’ म्हणून येतात.

‘पण याला जागा किती लागते!’

हा आक्षेप रास्त आहे. जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेत देवनागरीसाठी १२८ जागांचा मुख्य पट्टा आहे. प्रत्येक थांब्यावर ‘पुढे कोणतंही चिन्ह येऊ शकतं’ म्हणून १२८ वाटांची सोय ठेवली, आणि एका वाटेचा पत्ता लिहायला आठ बाइट धरले (बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणुकीचं मूळ माप), तर एक थांबा १,०२४ बाइटचा होतो. आपले २२ थांबे आणि मूळ मिळून २३ हजार बाइटच्या वर गेले. तीच पाच नावं नेहमीच्या पद्धतीने नुसती लिहिली तर ७९ बाइटमध्ये मावतात! झाडातल्या जवळजवळ सगळ्या वाटा रिकाम्या आहेत. पाच माणसांसाठी पाचशे खोल्यांचा वाडा बांधावा, तशातली ही गत.

यावर दोन चांगले उपाय आहेत. पहिला १९६८ मधला, डोनाल्ड मॉरिसन यांचा. ‘कल’च्या पुढे एकही फाटा नाही, मग ्, य, ा, ण असे चार वेगळे थांबे कशाला? फाटा नसलेली वाट एकत्र गुंडाळून टाका. मग क, त्याखाली ‘ल्याण’, ‘ळवा’, ‘सारा’ आणि ‘र’, आणि ‘र’खाली दोन टोकं. २२ थांब्यांचे सातच उरले. इंटरनेटवर माहितीचे तुकडे कुठे पाठवायचे हे ठरवणाऱ्या यंत्रणाही याच जातीची झाडं वापरतात. पत्त्याचा जास्तीत जास्त लांब जुळणारा पुढचा भाग शोधायचा आणि त्या दिशेला तुकडा ढकलायचा. पिनकोडच पुन्हा.

दुसरा उपाय जॉन बेंटली आणि रॉबर्ट सेजविक यांचा, १९९७ मधला. त्यांनी दोन्ही झाडांचा संकर केला. प्रत्येक थांब्यावर एकच चिन्ह आणि तीनच वाटा: आपलं चिन्ह याच्या आधीचं असेल तर डावीकडे, नंतरचं असेल तर उजवीकडे, आणि तेच असेल तर मधल्या वाटेने खाली उतरून पुढचं चिन्ह. १२८ वाटांच्या जागी तीन. पावलं थोडी वाढतात, जागा खूप वाचते.

‘हॅश असताना झाड हवंच कशाला?’

थोडंफार प्रोग्रॅमिंग शिकलेले वाचक हे विचारतील. हॅश म्हणजे देवळाबाहेरचा चप्पल स्टँड. शब्दावर एक सूत्र चालवून आकडा काढायचा आणि त्या आकड्याच्या खणात तो ठेवायचा. बिल्ला दाखवला की थेट खण. पूर्ण नाव माहीत असेल आणि ‘आहे की नाही’ एवढंच हवं असेल तर हॅशच वापरावा, झाडाचा हट्ट धरू नये.

पण चप्पल स्टँडवाल्याला ‘माझी चप्पल कोल्हापुरी आहे, तेवढ्याच दाखवा’ म्हटलं तर तो काय करणार? ‘कल्’ने सुरू होणारी नावं हॅशमध्ये दूरदूरच्या खणांत पडलेली असतात. क्रमाने वाचून दाखवणंही त्याला जमत नाही. टाइप करता करता सुचवायचं असेल, क्रम हवा असेल, तर झाडाला पर्याय नाही. मोठमोठे डेटाबेसही याच कारणासाठी झाड ठेवतात, फक्त त्यांचं झाड बुटकं आणि पसरट असतं. एका थांब्यावर शेकडो नावं, म्हणजे डिस्कपर्यंत कमी फेऱ्या. बी-ट्री नावाची ही रचना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मक्क्रेट यांनी बोइंग कंपनीत काम करताना शोधली. त्यांचा लेख १९७२ मध्ये छापून आला.

‘कर’वाली आडनावं

झाडाला सुरुवात माहीत हवी, हे विसरू नका. ‘कर’ने संपणारी सगळी आडनावं द्या म्हटलं की तेंडुलकर एका फांदीवर, मंगेशकर दुसऱ्या, आंबेडकर तिसऱ्या. ट्राय इथे हात टेकतो. उपाय सोपा आहे: दुसरं झाड लावायचं आणि त्यात प्रत्येक नाव शेवटाकडून सुरुवातीकडे घालायचं. मग ही सगळी मंडळी ‘र’खालच्या ‘क’वर एकत्र भेटतात. ‘गाव’, ‘पूर’, ‘वाडी’ने संपणारी गावंही अशीच एका फांदीवर येतात.

मराठीत ‘एक अक्षर’ म्हणजे काय?

आता खरा मुद्दा. एका थांब्यावर एक चिन्ह, असं मी सुरुवातीपासून म्हणतोय. पण चिन्ह कोणतं, हे कोणी ठरवायचं?

‘कर्जत’मध्ये आपण तीन अक्षरं मोजतो: क, र्ज, त. युनिकोडच्या लेखी ती पाच चिन्हं आहेत: क, र, हलन्त, ज, त. ‘कर’ टाइप केल्यावर कर्जत दिसावं का? चिन्हांच्या झाडात दिसेल, अक्षरांच्या झाडात दिसणार नाही. माझं मत असं की टाइप करताना सुचवायचं असेल तर चिन्हांचंच झाड बरं, कारण बोटंही आधी र आणि मग हलन्त दाबतात. शब्दकोड्यासाठी शब्द शोधायचे असतील तर मात्र अक्षरांचं झाड हवं. तिथे कर्जत तीन घरांत बसतं, पाच घरांत नाही.

अनेक प्रोग्रॅम याच्याही खाली उतरून बाइटचं झाड करतात. इंटरनेटवर सर्रास चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि त्यातला पहिला बाइट कायम २२४. दुसरा १६४ किंवा १६५ एवढाच. म्हणजे मराठी शब्दांच्या झाडात पहिली दोन पावलं जवळपास फुकट जातात, खरा फाटा तिसऱ्या बाइटवर फुटतो. मॉरिसन यांची गुंडाळायची युक्ती इथे अगदी हवीच.

कऱ्हाड का सापडत नव्हतं

काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या सभासद यादीचं काम करत होतो. झाड नीट बांधलं होतं, चाचण्याही पार पडल्या होत्या. तरी ‘कऱ्हाड’ टाकलं की निम्मेच सभासद येत. बाकीचे पडद्यावर दिसत, शोधात येत नसत. दोन दिवस मी माझ्या झाडातच चूक शोधत बसलो.

चूक झाडात नव्हतीच. हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो. एक रीत ऱ या वेगळ्या चिन्हाला हलन्त जोडायची. दुसरी, जुन्या कीबोर्डांवरून आलेली, साध्या र ला हलन्त जोडून पुढे डोळ्यांना न दिसणारं एक सांधणारं चिन्ह घालायची. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. झाडात मात्र ‘क’ नंतरच दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि एका कऱ्हाडला दुसऱ्या कऱ्हाडची गंधवार्ता नसते. सारखी दिसणारी रूपं एक करण्याचे युनिकोडचे ठरलेले नियम आहेत, पण ते या जोडीला एक करत नाहीत. तो नियम आपणच लिहावा लागतो.

ॲचंही तेच. ‘ॲड.’ लावलेल्या वकिलांची नावं बघा. कोणी ॲ हे एकसंध चिन्ह वापरतं, कोणी अ टाइप करून त्यावर चंद्र देतं, कोणी हिंदी कीबोर्डवरचा ऍ घेतं. तीन वाटा, एकच माणूस. म्हणून शब्द झाडात घालण्याआधी आणि शोधायला आलेला शब्द झाडाकडे पाठवण्याआधी, दोन्ही वेळी, तो एकाच गाळणीतून काढायचा. न दिसणारी चिन्हं काढायची, ऱ आणि ॲ यांचं एकच रूप ठरवायचं. एका बाजूलाच गाळणी लावली तर काहीच लाभ नाही. मीही आधी तेच करून बसलो होतो.

ळ कुठे बसतो?

ट्राय डावीकडून उजवीकडे वाचला की नावं आपोआप क्रमाने येतात. पण हा क्रम युनिकोडचा. तिथे ळ ची जागा ल च्या लगेच पुढे आहे, म्हणून कळवा कसाऱ्याच्या आधी येतं. आपण शाळेत म्हटलेल्या मुळाक्षरांत ळ येतो ह च्या नंतर, आणि त्यामागून क्ष, ज्ञ. त्या हिशोबाने कसारा आधी, कळवा नंतर. क्ष तर संगणकाला क, हलन्त, ष असा दिसतो, म्हणून तो थेट क च्या घरात जाऊन बसतो. मराठी क्रम हवा असेल तर प्रत्येक अक्षराला आपल्या मुळाक्षरांप्रमाणे आकडा द्यायचा आणि झाड त्या आकड्यांचं करायचं.

आणि चुकीचं टाइप केलं तर?

नासिक टाइप केलं, यादीत नाशिक आहे. झाडात उतरताना खिशात एक चूक घेऊन निघायचं. न, ा पर्यंत ठीक. पुढे स हवा, वाट श ची आहे. खिशातली चूक खर्च करून त्या वाटेने जायचं. ि, क जुळले, पोहोचलो. ज्या वाटेवर दुसरी चूक लागेल ती तिथेच सोडायची, त्यामुळे झाडाचा बराचसा भाग बघावाच लागत नाही. मराठीसाठी मी श-स, न-ण आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना अर्धाच दर लावतो, कारण माणसं त्याच जास्त करतात आणि त्यावरून अर्थ सहसा हरवत नाही.

तुमच्या हाताशी मराठी नावं शोधणारी एखादी सोय असेल तर तपासून बघा. कऱ्हाड दोन्ही रीतींनी टाका, ॲड. तिन्ही रीतींनी. मग ‘राम’ टाका, आणि शेवटी यादी क्रमाने लावून कळवा कसाऱ्याच्या आधी येतं की नंतर ते बघा.